पडद्याआड बर्नीस

बर्नीसने सँडविचचा वरचा पाव बोटाने उचलून आत पाहिलं आणि बशी पुढे सरकवली. काचेबाहेर फुटपाथवर उभ्या असलेल्या आर्मिन ड्रेगरला आतलं काही ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. काउंटरमागची पोरगी माफी मागत होती, बर्नीस हसून मान हलवत होती. पोरीने बशी उचलून नेली आणि थोड्या वेळाने दुसरी आणली. आता पावाच्या कडेतून मांसाऐवजी पिवळं चीज ओघळत होतं. ते बर्नीसने खाल्लं, सावकाश, चवीने, एकट्या बाईने खावं तसं. आर्मिनला जेवणाची सुट्टी पाऊण तासाची. बायको गावात खरेदीला आली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, ती अशी अचानक काचेआड दिसल्यावर तो खूश होऊन आत शिरणारच होता. दाराच्या मुठीवर त्याचा हातही होता. का कोण जाणे, त्याने तो काढून घेतला. चालत चालत आपल्या बुटांच्या दुकानापर्यंत आल्यावर त्याला आठवलं की आज शुक्रवार आहे.

दुपारभर तो नेहमीसारखा गिऱ्हाइकांच्या पायांशी बसून होता. बायकांच्या बुटांच्या विभागात त्याची सतरा वर्षं गेली होती. मिलवॉकी शहरातल्या निम्म्या बायकांना तो चेहऱ्याने नाही, पायाने ओळखे: हिच्या अंगठ्याला गाठ, हिची टाच अरुंद, ही स्वतःचं माप एकाने कमी सांगते. बर्नीसही त्याला अशीच भेटली होती. मोज्यांच्या कारखान्यातली मुलगी, पहिल्या पगाराचे बूट घ्यायला आलेली. साडेपाच नंबरचा पाय, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. तिचं खरं नाव ब्रोनिस्लावा. शहर दुभागणाऱ्या दरीच्या दक्षिणेला, पोलिश कॅथलिक वस्तीत, तिला ब्रोन्या म्हणत. कारखान्याच्या मुकादमाने बर्नीस केलं आणि आर्मिनने तेच उचललं. दरीच्या उत्तरेला जर्मन लूथरन, म्हणजे पोपला न मानणाऱ्या प्रोटेस्टंट माणसांत बर्नीस चालून जाई. मधल्या दरीत रेल्वेचे रूळ, चामड्याचे कारखाने आणि वरून लांबच लांब पूल. त्या पुलावरून बसने वीस मिनिटांत येऊन ती त्याची झाली होती, लूथरन चर्चमध्ये, लूथरन पाळकासमोर. तिच्या बाजूचे बाक रिकामे होते. तेव्हा आर्मिनला त्या रिकाम्या बाकांचा अभिमान वाटला होता. एवढं सगळं सोडून जी येते, ती पुरती आपली, असा त्याचा सरळ हिशोब होता, आणि बारा वर्षं तो त्या हिशोबावर निवांत झोपला होता.

आता एका चीज सँडविचने त्याची झोप उडवली. शुक्रवारी मांस खायचं नाही हा कॅथलिकांचा नेम. आर्मिनच्या लहानपणी त्यांच्या घरी शुक्रवारी मुद्दाम सॉसेज तळत, आणि त्याचे वडील स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवत, भर थंडीतसुद्धा, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या कॅथलिक कुटुंबाला वास जावा. शहरातल्या यच्चयावत खानावळी शुक्रवारी मासे तळत आणि ते खायला अर्धे लूथरनही जात. पण ड्रेगरांच्या घरी सॉसेजच. त्यात धर्म किती आणि खोडी किती हे आर्मिनला कधी कळलं नाही, पण पोरवयात ती खिडकी उघडताना त्याला मर्दासारखं वाटे. लग्नानंतर बर्नीसने ही चाल बिनबोभाट चालू ठेवली होती. शुक्रवारी कधी चॉप्स, कधी खिम्याचा वडा. त्याने वाढलेलं खाल्लं होतं. पण तिने? एका जाड बाईच्या पायात बूट चढवता चढवता तो आठवायला लागला आणि त्याच्या हातातली बूट चढवायची शिंगाची पट्टी तशीच राहिली. शुक्रवारच्या जेवणात बर्नीस त्याला दिसेचना. ती उभी दिसे, वाढताना दिसे, पोरीला खाली सांडू नको म्हणताना दिसे. मीठ आणायला गेलेली दिसे. दुपारीच खाल्लंय गं बाई, म्हणताना ऐकू येई. पण मांसाचा घास तोंडात घालणारी बर्नीस काही केल्या डोळ्यांसमोर येईना. बारा वर्षांचे सहाशे चोवीस शुक्रवार झाले. जाड बाई म्हणाली, मिस्टर, माझा पाय आहे तो, दाराची कडी नव्हे.

संध्याकाळी त्याने पाहिलं. पाहायचं ठरवून पाहिल्यावर ते इतकं सोपं होतं की त्याला स्वतःचीच कीव आली. तिने स्वतःच्या ताटात सगळ्यांत लहान चॉप घेतला, त्याचे तुकडे केले, बोलता बोलता एक पोरीच्या, जूडिथच्या ताटात टाकला, एक बटाट्याखाली सारला, उरलेलं हाड मांजरासाठी बाजूला काढलं. त्यात कुठे घाई नव्हती, चोरटेपणाही नव्हता. जूडिथ दहा वर्षांची. ती तो तुकडा न बघताच खात होती, जन्मापासून खात आली असावी. आर्मिनने एवढंच विचारलं, की आज गावात गेली होतीस का. हो म्हणाली, पडद्याचं कापड बघायला. काय खाल्लंस? सँडविच. कसलं, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं, याची त्याला खात्री होती, आणि म्हणूनच त्याची जीभ उचलली नाही.

एखादा पुरुष असता तर बरं झालं असतं असं त्याला त्या आठवड्यात फार वाटलं. पुरुषाचं नाक फोडता येतं, निदान फोडण्याचा विचार करता येतो. बाईला सवत असते, तिच्या नावाने कडाकडा बोटं मोडता येतात. आपल्याला काय आहे? एक वार आहे. आठवड्यातला एक दिवस आपल्या बायकोला घेऊन जातो आणि संध्याकाळी ताट वाढायला परत आणून सोडतो. आणि आता भरीस भर म्हणून त्या वाराला चेहराही मिळाला होता. साल एकोणीसशे साठ, आणि अमेरिकेच्या अध्यक्षपदाला एक कॅथलिक उमेदवार उभा होता. तरुण, दाट केसांचा, हसरा. वसंतात पक्षाच्या आतल्या मतदानाच्या वेळी तो दक्षिणेच्या पोलिश वस्तीत येऊन गेला होता, सभागृहात माणूस मावत नव्हतं, बायका हात हातात घेऊन सोडत नव्हत्या, असं दुकानातल्या पोरी सांगत. एप्रिलमधल्या त्या दिवशी बर्नीस उशिरा आली होती का? बस चुकली म्हणाली होती का? की ते मार्चमध्ये? आर्मिनने कपाट उघडून तिचे पांढरे हातमोजे उलटेपालटे करून पाहिले. ते स्वच्छ धुतलेले होते. एवढे स्वच्छ कशाला धुतले असतील, असं त्याच्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी बायकोचे हातमोजे हुंगत उभा असलेला बेचाळीस वर्षांचा माणूस त्याला आरशात दिसला.

टीव्हीवर दोन्ही उमेदवारांची जुगलबंदी चालू असताना बर्नीस इस्त्री करत होती. आर्मिन पडद्याकडे कमी आणि इस्त्रीकडे जास्त बघत होता. आपला उमेदवार बोलत असताना इस्त्री चालू राही. तो दुसरा बोलायला लागला की ती थांबे, किंवा थांबल्यासारखी वाटे, किंवा नेमकी तेव्हाच कॉलर आलेली असे. शेवटी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, कसा वाटतो हा तुला? बर्नीस पडद्याकडे बघून म्हणाली, दमलेला दिसतो. बस्स. पण या दोन शब्दांनी आर्मिनला चार दिवस खाल्लं. उभ्या देशाला तो तरणाताठा दिसतो आणि हिला दमलेला दिसतो. माणसाचं दमणं कोणाला दिसतं? ज्याच्या घरचं माणूस असतं त्याला. मी सतरा वर्षं गुडघ्यांवर उभा आहे, माझं दमणं दिसलंय का कधी? तसं ते दिसलं होतं. ती त्याच्या गुडघ्यांना रोज तेल लावून देई. पण मत्सराला तेल आठवत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लूथरन चर्चमध्ये धर्मसुधारणेचा सण असतो. त्या वर्षी पाळकसाहेब राडेमाखर यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की मत कोणाला द्यावं हे सांगणं व्यासपीठाचं काम नव्हे. मग त्यांनी पन्नास मिनिटं तेच काम केलं. रोमच्या आज्ञेबाहेर पाऊल टाकू न शकणारा माणूस राज्यघटनेची शपथ कोणत्या तोंडाने घेईल, वगैरे. आपला उमेदवार क्वेकर आहे, म्हणजे त्याच्या पंथाला ना बाप्तिस्मा ठाऊक ना प्रभुभोजन, आणि एरवी राडेमाखरांनी त्याला वेदीच्या कठड्यालाही हात लावू दिला नसता, ही बारीकशी गोष्ट त्यांनी वगळली. आर्मिन दानाचं ताट घेऊन मधल्या वाटेत उभा होता. तिथून त्याला बर्नीस दिसत होती, उंचीने लहान, समोरच्याच्या टोपीमागे अर्धी झाकलेली. बाकीचे मान डोलवत होते. ती गीतांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरची धूळ अंगठ्याने पुसत होती. तिचा चेहरा त्याला वाचता येईना. बारा वर्षं तो चेहरा त्याला उघड्या पुस्तकासारखा वाटत आला होता. आता त्याच्या ध्यानात आलं की पुस्तक उघडं असलं तरी लिपी आपली नव्हती. उपासना संपल्यावर दाराशी पाळकसाहेबांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "मिसेस ड्रेगर, तुमच्यासारखी माणसं म्हणजे आमचं बळ. तुम्ही ते सगळं आतून पाहिलंय."

"आतून मी फक्त माझ्या आईला पाहिलंय, पाळकसाहेब," बर्नीस म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.

पाळकसाहेबांना ते विनोदी वाटलं असावं, ते हसले. आर्मिनही त्यांच्यासोबत हसला, पण कानांच्या पाळ्या तापल्या. लोकांसमोर हिने उत्तर दिलं याचाच त्याला राग आला, आणि ते कसलं उत्तर आहे याचा विचार करायचं राहून गेलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी, सोमवारी, तो लवकर घरी आला. वॉर्डातल्या मतदान केंद्रावर तो निरीक्षक असे. ही त्याची चौथी खेप. कोटाला लावायचा बिल्ला त्याने ओल्या कपड्याने पुसला, काळे बूट काढले. स्वयंपाकघरात बर्नीस भांडी पुसत होती, जूडिथ बाहेर खेळत होती, खिडकीत अजून थोडा उजेड होता. त्याने काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "शुक्रवारी तू मांस खात नाहीस."

बर्नीसने हातातली बशी पुसून झाल्यावरच खाली ठेवली. ती दचकली नाही. "नाही खात," ती म्हणाली.

"बारा वर्षं."

"लग्नानंतर पहिले दोन महिने खाल्लं. मग नाही."

मग तिने सांगितलं, आणि सांगताना ती त्याच्याकडे नाही, बशांच्या चळतीकडे बघत होती. लग्नानंतर तिने आईला नऊ पत्रं पाठवली. नऊच्या नऊ न उघडता परत आली, वरच्या पत्त्यावर आईच्या हाताने मारलेल्या रेघेसकट. एकदा ती पुलावरून दारापर्यंत जाऊन आली. खिडकीतला पडदा हलला, दार नाही. जूडिथ झाली तेव्हा तिने शेजारणीकडून फोटो पाठवला, त्याचं काय झालं कळलं नाही. चर्चची तिला आठवण येत नाही असं नाही, मेणाचा वास येतो कधी, लॅटिन प्रार्थनेतला एखादा तुकडा भांडी घासताना ओठांवर येतो, पण ते जाऊ दे. "आई बाकी सहा दिवस काय खाते ते मला ठाऊक नाही, आर्मिन," ती म्हणाली. "हात चालतात का तिचे, चूल पेटवते का, कोण बघतंय तिच्याकडे, काही माहीत नाही. शुक्रवारी ती बटाटा नाही तर चीज खाते. तेवढं मला नक्की माहीत असतं. मग मी पण तेच खाते. एवढंच आहे ते."

आर्मिनच्या छातीवरचा धोंडा उतरला. अर्धा मिनिटभर तरी उतरला. तिथे पोप नव्हता, दाट केसांचा उमेदवार नव्हता, दरीपलीकडे एक म्हातारी बाई बटाटे सोलत बसली होती. त्याला बायकोला जवळ घ्यावंसं वाटलं. आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या शेवटी त्याला जाणवलं की धोंडा होता तिथेच आहे, फक्त कूस बदलून बसलाय. म्हणजे तिने आईला सोडलंच नव्हतं. लग्नाच्या दिवशीचे ते रिकामे बाक, ज्यांच्यावर त्याने आपला सगळा संसार मांडला होता, ते रिकामे नव्हतेच. बारा वर्षं दर आठवड्याला एकदा ही त्याच्या टेबलावर बसून दुसऱ्याच कोणासोबत जेवत होती.

"मला सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"तू खिडकी उघडली असतीस."

हे त्याला लागलं. कारण खरं होतं. पहिल्या वर्षी शुक्रवारी त्याने खरंच दोनदा-तीनदा खिडकी उघडली होती, गमतीने, वडिलांची आठवण म्हणून, आणि त्या घराखाली तर कोणी कॅथलिक राहतही नव्हतं. तो गप्प बसला असता तर तो दिवस तिथेच चांगला संपला असता. पण त्याच्याने राहवेना. "आणि उद्या?" तो म्हणाला.

"उद्या काय?"

"उद्या मत कोणाला?"

बर्नीसने फडकं दांडीवर वाळत टाकलं, त्याची टोकं जुळवली. मग ती त्याच्या समोर येऊन बसली. "चर्च दिलं तुला," ती म्हणाली, आवाज न चढवता, वाणसामान सांगावं तसं. "नाव दिलं. पोरीचा बाप्तिस्मा तुझ्या पाळकाच्या हातून झाला. मला कशाचा पस्तावा नाही, तू वाईट माणूस नाहीस. पण उद्या मत देतानाचा तो पडदा दोन मिनिटांचा असतो, आर्मिन. तेवढी दोन मिनिटं मी एकटी असते. ना तुझी, ना आईची, ना कोणाची. तेवढी मला राहू दे. विचारू नकोस, बघू नकोस. देतोस?"

"दिली," आर्मिन म्हणाला. त्याने तिचा हात हातात घेतला. त्या वेळी त्याच्या मनात जरासुद्धा खोट नव्हती.

मंगळवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत त्याने उजवा हात वर करून शपथ घेतली, मतदाराची गुप्तता राखीन म्हणून. त्याच्या शेजारी दुसऱ्या पक्षाच्या निरीक्षक मिसेस टियर्नी होत्या, लठ्ठशा आयरिश विधवा, गळ्यात क्रूस, पिशवीत विणकाम. दर निवडणुकीला दोघांची गाठ पडे आणि दोघं एकमेकांना कॉफी आणून देत. आज मिसेस टियर्नी सारख्या हसत होत्या आणि हसू दाबत होत्या. "मिस्टर ड्रेगर," त्या म्हणाल्या, "आमचा माणूस आला तर पहिल्याच दिवशी पोपला तुमच्या पाहुण्यांच्या खोलीत आणून ठेवणार बरं का. चादरी धुऊन ठेवा." आर्मिन हसला. एरवी त्याला ही थट्टा आवडली असती. संध्याकाळी आठला दारं बंद होऊन आकडे उतरवले जाईपर्यंत निरीक्षकाला जागा सोडता येत नसे, तेव्हा एकमेकांना सांभाळून घेणं भागच होतं.

मिसेस टियर्नी नाव वहीत पाहून क्रमांक पुकारत, आर्मिन यंत्राशेजारच्या बुटक्या शाळकरी खुर्चीवर बसून बटण दाबून ते मोकळं करून देई. मतदार आत जाऊन मोठा दांडा ओढे, पडदा बंद होई, आत कळा खाली पडल्याचे बारीक आवाज येत, मग दांडा उलट फिरे, मत नोंदलं जाई, पडदा उघडे; तोवर पाडलेली कळ उचलून मत बदलता येई. पडदा गुडघ्यांपर्यंतच असे. त्याखाली पाय दिसत. आणि इथेच आर्मिनला एक गोष्ट ठाऊक होती जी ठाऊक असायला नको होती. यंत्रावर एका पक्षाची नावं सगळ्यांत वरच्या ओळीत, दुसऱ्याची तिच्याखाली. त्या वर्षी वरची ओळ कॅथलिक उमेदवाराच्या पक्षाची होती. उंच माणसाला काही फरक पडत नसे. पण बुटक्या बाईला वरच्या ओळीतली कळ दाबायची तर टाचा उचलाव्या लागत. खालच्या ओळीला लागत नसत. पहिल्या खेपेला हे लक्षात आल्यावर आर्मिन खजील झाला होता, आणि तेव्हापासून पडदा लागला की तो समोरच्या भिंतीवरच्या बास्केटबॉलच्या कड्याकडे बघत बसे. आठवडाभर पायांकडे बघून पोट भरणारा माणूस या एका दिवशी वर बघतो, याचा त्याला मनातून अभिमान होता. बायकोलाही त्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बर्नीस आली. डोक्याला रुमाल, पांढरे हातमोजे, पायात निळे बूट, दीड इंची टाचेचे. ते आर्मिननेच तिच्या पायात घालून, अंगठ्यापाशी दाबून, बरोबर आहेत म्हणून घरी आणले होते. मिसेस टियर्नींनी तिला हसून पाहिलं. बर्नीस बी. ड्रेगर, त्यांनी वाचलं, क्रमांक तीनशे सात. त्या मधल्या 'बी'मध्ये ब्रोनिस्लावा अजून आहे, हे आर्मिनला आजच जाणवलं. बर्नीसने त्याच्याकडे एकदा पाहिलं, घरातल्यासारखं, आणि आत गेली. पडदा लागला. आर्मिनने कड्याकडे पाहिलं. कड्याला अर्धीच जाळी होती, एका बाजूने तुटून लोंबत होती. त्याने तिच्या गाठी मोजायला घेतल्या. आठ. नऊ. आत आवाज नव्हता. इतका वेळ काय करते? बाकीच्या बायका एव्हाना बाहेर येतात. विचार करत असेल. कोणाचा? दरीपलीकडे या क्षणी एक म्हातारी जपमाळ कोटाच्या खिशात घालून दुसऱ्या एका पडद्याआड शिरत असेल आणि बेधडक वरच्या ओळीत कळ दाबत असेल, आणि हिला ते ठाऊक आहे, शुक्रवारच्या बटाट्याइतकं नक्की ठाऊक आहे. मग हीही तेच करणार. आई जे खाते ते खाणार. दोघी आज पुन्हा एका टेबलावर बसणार, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी जाळीच्या गाठी मोजायच्या. तो मोजत राहिला. दहा, अकरा. बघायचं नाही असं तो मनाशी म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने मान खाली घातली.

टाचा जमिनीवर होत्या. निळ्या बुटांत, सपाट, शेजारी शेजारी. एक कळ पडल्याचा आवाज आला, टाचा हलल्या नाहीत. आणखी एक, तरी नाहीत. माझी आहे. ही बाई माझीच आहे, म्हातारे, तू नऊ काय नव्वद पत्रं परत कर. आनंदाने त्याला दिसेनासं झालं, आणि म्हणून त्याने मान वर करायला हवी होती तेव्हा केली नाही. नीट दिसावं म्हणून तो आणखी वाकला.

पडद्याखाली एक पांढरा हातमोजा पडला. कळा दाबायला तिने तो काढला असावा. मग हात आला, लग्नाची अंगठी असलेला, जमिनीवर चाचपडत. मग बर्नीसचा चेहरा आला.

दोघांच्या चेहऱ्यांत दोन-अडीच फुटांचं अंतर होतं. रुमालाची गाठ लोंबत होती, वाकल्यामुळे तिचे गाल लाल झाले होते. तिने त्याला पाहिलं आणि तिला सगळं कळलं. बुटांच्या दुकानातल्या माणसाची बायको ती. कोण पायाकडे कशाला बघतो हे तिला वेगळं सांगायला नको होतं. तिच्या डोळ्यांत राग आला असता तर त्याने तो सोसला असता. राग नव्हता. स्टेशनवर आपलं माणूस समजून हाक मारावी आणि वळल्यावर भलतंच निघावं, तशी ती बघत होती. मग तिने हातमोजा उचलला आणि चेहरा वर गेला.

आर्मिनला हलता आलं नाही. त्याच्या समोर त्या निळ्या बुटांतल्या टाचा होत्या. त्या हळूहळू वर आल्या. दोन्ही, एकदम, बुटांच्या मागच्या कडेतून सुटून, मोज्याला रफू केलेली जागा दिसेपर्यंत वर. आणि तशाच राहिल्या. एका कळीला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ त्या तशा राहिल्या. पोटऱ्या थरथरायला लागल्या तरी राहिल्या. ती त्याला दाखवत होती. तुला बघायचं होतं ना, घे, बघ, पोटभर बघ. वर एखादी कळ उचलली गेली का, दुसरी पडली का, की नुसतेच पाय उचलून ती भिंतीसारख्या त्या यंत्रासमोर उभी होती, हे त्याला कळेना. कानात त्याच्याच रक्ताचे ठोके पडत होते. मिसेस टियर्नींनी घड्याळाकडे पाहिलं. टाचा खाली आल्या. मोठा दांडा फिरला, पडदा उघडला.

"थँक यू, मिस्टर ड्रेगर," बर्नीस म्हणाली. दिवसभर सगळे मतदार असंच म्हणत होते. बर्नीसच्या तोंडून ते त्याने पहिल्यांदा ऐकलं.

तिने मत कोणाला दिलं ते आता त्याला कधी कळणार नव्हतं, आणि विचित्र असं की ते कळून घ्यायची इच्छाही त्याच्यात उरली नव्हती. त्याला उठायचं होतं. तिच्या मागे जाऊन, दंडाला धरून, चूक झाली गं, म्हणायचं होतं. मिसेस टियर्नींनी तीनशे आठ पुकारला. एक म्हातारा काठी टेकत त्याच्यासमोर येऊन थांबला, बटणाची वाट बघत. आर्मिनने बटण दाबलं. म्हाताऱ्याच्या खांद्यावरून त्याला व्यायामशाळेचं काचेचं दार दिसत होतं. बर्नीस दाराबाहेर पायरीवर थांबून हातमोजे चढवत होती, एकेक बोट नीट बसवत. त्याला वाटलं, ती मागे वळून बघेल. तिने रुमालाची गाठ घट्ट केली, पायरी उतरली आणि डावीकडे वळली. घर उजव्या हाताला होतं. डावीकडे फक्त बसचा थांबा होता, पुलावरून दक्षिणेला जाणाऱ्या बसचा. साडेअकरा वाजायचे होते, आणि आठ वाजेपर्यंत आर्मिनला खुर्चीवरून उठता येणार नव्हतं.